आवणीचे पाय

जुलैत भंडारदऱ्याला धुकं उतरलं की विल्सन धरणाची भिंतही दिसेनाशी होते. त्याच धुक्यात रतनवाडीच्या बाजूला भाताची आवणी चाललेली असते. सकाळी खाचरात उतरलेली बाई दिवस मावळताना बाहेर येते, तोवर पाय चिखलात.

अशाच खाचरातून येऊन ओसरीवर टेकलेल्या मावशींना माझ्या त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीने आधी विचारलं, "पाय आत्ताच धुतले का?"

"मग! चिखलाचे पाय कसे दाखवू, ताई?"

"मग उद्या सकाळी बघते. तोवर बोटांना पाणी लावू नका."

सकाळी तिने दार लोटून अंधार केला. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, फुगलेली, आणि खाली लाल चीर. तिथे जांभळ्या उजेडाचा वूड्स दिवा धरताच बेचकं पोवळ्यासारखं लाल चमकलं. ही कोरिनेबॅक्टेरियम जिवाणूंची खूण. त्यांचं रंगद्रव्य पाण्यात विरघळतं, म्हणून धुतलेल्या पायावर ती दिसत नाही. मग तिने बोथट पात्याने कातडी काचपट्टीवर खरवडली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. पंधरा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकात मलाही दिसले, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे.

बेचक्यातल्या या चिखल्या म्हणजे नुसता पाण्याचा त्रास, असं मी समजत होते. पण सुरुवात बहुधा बुरशी करते, ती कातडी फोडते आणि जिवाणूंना वाट मिळते. लेडन आणि क्लिगमन यांनी 1978 साली दाखवलं की बेचकं जितकं ओलं आणि कुजकं, तितकी बुरशी तपासणीत कमी सापडते. म्हणजे नेमक्या वाईट पायांतच मूळ दुखणं लपतं. शिवाय असे जीव एकत्र चिकट थर करून राहतात. कॅन्डिडा बुरशीच्या थरात स्टॅफिलोकोकस जिवाणू व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकालाही दाद देत नाहीत, हे प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून अशा पायाला बुरशीचं आणि जिवाणूंचं, दोन्ही औषधं लागतात.

पण मावशींनी कनवटीची ट्यूब काढली, तेव्हा मैत्रिणीचा चेहरा उतरला. त्यात दोन्ही औषधं होती आणि सोबत कडक स्टेरॉइड. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र फोफावते. 2018 साली केंद्राने 328 मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत अशी मलमंही होती. कष्टाच्या पैशाने घेतलेलं औषध पायावर उलटावं, याचा मला फार संताप येतो. त्यापेक्षा मावशींच्या बोटांवरची फिकी मेंदी बरी. तिच्यातलं लॉसोन प्रयोगशाळेत तरी बुरशीला रोखतं.

मैत्रिणीने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बेचकी टिपली, दोन मलमं लावली आणि बोटांमध्ये कापूस ठेवला.

"आवणी किती राहिली?"

"चार खाचरं."

"मग रात्री चुलीपाशी पाय कोरडे करायचे, नि मगच मलम."

मावशींनी ट्यूब तिच्याकडे दिली आणि इरलं उचललं.