होमोसिस्टीनचा आकडा आणि बी-१२ ची उणीव

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आता कोलेस्टेरॉलच्या शेजारी होमोसिस्टीनचाही आकडा छापून येतो. तो लिटरला १५ मायक्रोमोलच्या पुढे गेला की रिपोर्टवर खूण पडते, आणि हृदयविकार, पक्षाघात हे शब्द घरात फिरू लागतात. अन्नातल्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्याचा वापर होताना शरीरातच होमोसिस्टीन तयार होते. ते पुन्हा मेथिओनिनमध्ये बदलायला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात, आणि दुसऱ्या वाटेने त्याचा निकाल लावायला बी-६ लागते. यातले काही कमी पडले किंवा मूत्रपिंड मंदावले, की होमोसिस्टीन रक्तात साचते. माझे म्हणणे असे, की आपल्याकडे हा वाढलेला आकडा बहुतेक वेळा बी-१२ च्या उणिवेचा निरोप असतो. उपचार त्या उणिवेवर व्हायला हवा, आकड्यावर नव्हे.

संशयाची सुरुवात भक्कम पुराव्यावर झाली होती. १९६९ मध्ये अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी दोन मुलांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास मांडला. दोघांचे जन्मजात दोष वेगवेगळे होते. दोघांच्या रक्तात होमोसिस्टीन मात्र सारखेच चढलेले होते, आणि धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झाल्या होत्या. दोष वेगळे आणि परिणाम एकच, तेव्हा दोष होमोसिस्टीनचा, असा त्यांचा तर्क होता. पुढे अनेक देशांतल्या पाहणी-अभ्यासांची माहिती २००२ मध्ये एकत्र केली गेली. होमोसिस्टीन २५ टक्क्यांनी कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा १९ टक्क्यांनी कमी दिसला. मग गोळ्या देऊन आकडा उतरवून पाहण्याची पाळी आली, आणि तिथे तर्क अडखळला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप-२ या चाचणीत साडेपाच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे फोलिक आम्ल (गोळीतले फोलेट), बी-६ आणि बी-१२ दिले गेले. होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. वैतरणा नदीवरच्या पुलाच्या खांबावरचा पूरपातळीचा आकडा खरवडल्याने पाणी ओसरत नाही, तसे काहीसे.

‘मग हा विषय इथेच मिटवा,’ असा आक्षेप रास्त वाटेल. मला तो घाईचा वाटतो. होप-२ मध्ये पक्षाघात मात्र सुमारे चतुर्थांशाने कमी झाले होते. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे रक्तदाबाच्या गोळीला फोलिक आम्लाची जोड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. तिथल्या पिठात सरसकट फोलिक आम्ल मिसळले जात नव्हते. अमेरिका-कॅनडात ते १९९८ पासून मिसळले जाते. ज्याच्या ताटात उणीव आहे त्यालाच भर घातल्याचा गुण येतो, असा मी याचा अर्थ लावतो.

आपल्या ताटात उणीव कशाची, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये आला. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन १५ च्या वर. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ कमी असलेले ८१ टक्के. फोलेटच्या कमतरतेचा वाटा नगण्य निघाला. म्हणजे हा फक्त गरिबीचा प्रश्न नाही. बी-१२ भाजीपाल्यात आणि धान्यात नसतेच. ते मासे, मांस, अंडी आणि दुधातून मिळते.

‘आम्ही मासे खाणारी माणसे, आम्हाला काय?’ असे पालघरच्या किनाऱ्यावर, सातपाटी, मुरबे, दांडीत कोणी म्हणेल. बांगडा, तिसऱ्या, कालवे यांत बी-१२ भरपूर असते आणि गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असते, हे खरेच. पण पालघर म्हणजे नुसता किनारा नव्हे. तारापूर एमआयडीसीत शाकाहारी कामगार आहेत, गावोगाव माळकरी आहेत, आणि जव्हार-मोखाड्यात भात-नाचणीवर भागवणारी घरे आहेत. वय वाढले की जठरातले आम्ल घटते आणि खाल्लेले बी-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचेही तसेच. आणि माशांच्या भरवशावर राहायचे तर खारवलेल्या सुरमईतले मीठ रक्तदाब चढवते, हे विसरू नये. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण रक्तदाबच आहे. तो आणि तंबाखू-मशेरी सोडून होमोसिस्टीनमागे लागणे मला चुकीचे वाटते.

फोलिक आम्लाच्या गोळ्या मनाने सुरू करणे तर धोक्याचे. बी-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल घेतले तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेहींना या जीवनसत्त्वांच्या जबर मात्रांनी अपाय झाल्याचे २०१० मधल्या चाचणीत दिसले आहे. म्हणून रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन जास्त आले, तर डॉक्टरांना विचारून आधी बी-१२ आणि मूत्रपिंडाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन तपासावे. बी-१२ कमी निघाले तर ते भरून काढावे. हृदयाला गुण येवो न येवो, रक्त आणि मज्जातंतू वाचतात. नमुना कसा हाताळला तेही लॅबमध्ये विचारावे. रक्त काढल्यावर तासाभरात त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर त्या होमोसिस्टीन सोडत राहतात. बोईसरला काढलेली नळी तशीच गाडीने मुंबईला गेली, तर निरोगी माणसाचाही आकडा १५ ओलांडू शकतो.