पंचायत समिती ते संसद : दिवंगत खासदार राजीव सातव यांची वाटचाल

संसद दूर दिल्लीत. तिचा आपल्या गावाशी संबंध कोणता, असा प्रश्न शाळेतील मुलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका लोकप्रतिनिधीच्या जीवनक्रमात सापडते, म्हणून त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

राजीव सातव यांचा जन्म २१ सप्टेंबर १९७४ रोजी पुण्यात झाला. घर मात्र कळमनुरीचे. मातोश्री रजनीताई सातव राज्याच्या माजी मंत्री. राजकारणाचा वारसा घरातच होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी आरंभ केला तो पंचायत समितीपासून. पुढे जिल्हा परिषद, आणि २००९ मध्ये कळमनुरीतून विधानसभा. २०१० मध्ये त्यांच्याकडे अखिल भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्षपद आले. रस्ता, शाळाखोली, पाणीपुरवठा ही कामे जेथे प्रत्यक्ष हाताळली जातात, त्या पायऱ्या चढून ते वर गेले.

२०१४ ची लोकसभा निवडणूक आमच्या मते विद्यार्थ्यांनी विशेष अभ्यासावी अशी आहे. हिंगोली मतदारसंघ केवळ आपल्या जिल्ह्यापुरता नाही. वसमत, कळमनुरी व हिंगोली यांच्यासह नांदेडमधील किनवट व हदगाव आणि यवतमाळमधील उमरखेड त्यात येतात. सातव यांना ४,६७,३९७ मते मिळाली, तर शिवसेनेचे सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५. अंतर अवघे १,६३२ मतांचे! त्या वर्षी महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले. दुसरे नांदेडचे अशोक चव्हाण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या प्रौढ मताधिकाराचा आग्रह सातत्याने धरला, त्याचे मोल या आकड्यात दिसते. दोन-तीन गावांतील मतदार घरी बसते, तर निकाल फिरला असता.

विरोधी बाकावरील खासदाराच्या हाती सत्ता नसते. प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र असतो. मंत्र्याला सभागृहापुढे उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते. पाच वर्षांत सातव यांनी हजाराहून अधिक प्रश्न विचारले. संसदरत्न पुरस्कारानेही त्यांचा गौरव झाला.

२०१९ मध्ये त्यांनी लोकसभा लढविली नाही. त्या काळात गुजरातमधील पक्षकार्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. २०२० मध्ये ते राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी कृषी विधेयकांवरील गदारोळानंतर उर्वरित अधिवेशनासाठी निलंबित झालेल्या आठ सदस्यांत ते होते. तो दिवस २१ सप्टेंबर, त्यांचा वाढदिवस. त्या गदारोळाविषयी मतभेद असू शकतात. परंतु शेतकऱ्यांचा प्रश्न कोरडवाहू हिंगोलीला परका नव्हता.

कोरोनाच्या संसर्गानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे १६ मे २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे शेहेचाळीस. अंत्यसंस्कार कळमनुरीत झाले. राज्यसभेची बरीच वर्षे शिल्लक होती. जिल्ह्याचा आवाज अकाली थांबला.

पक्ष कोणताही असो, आपल्या विद्यार्थ्यांनी या वाटचालीतून दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते : ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचे धैर्य, आणि मिळालेल्या उत्तराची नोंद ठेवण्याची शिस्त. उद्याच्या लोकप्रतिनिधीची तयारी येथूनच सुरू होते. आपल्या शाळेतूनही असे प्रतिनिधी घडोत, हीच मंगल कामना.