आधी गिऱ्हाइकाची अडचण ऐका

भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात दुकान टाकणाऱ्या मराठी मित्रांनो, पाटी रंगवण्याआधी गिऱ्हाइकाची अडचण ऐका. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! माल चोख होता, घोडं अडलं होतं भीतीपाशी.

कधी अडचण भीतीची नसते, वेळेची असते. आपल्या भिलाईत पोलाद कारखाना पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. त्याच्या घरी दुपारी फॅन दुरुस्तीला माणूस पाठवून काय उपयोग? फोन आला की आधी विचारा, "ताई, घरी कुठली पाळी आहे?" उत्तर वहीत टिपा. आठवडाभर करून बघाच.