दिल्लीच्या हवेवर फुटणारे खापर

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात मोटारींच्या लघुप्रतिकृती रंगवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे. रंगात कण दिसला, पृष्ठभाग खरखरीत लागला किंवा चकाकी गेली, की त्याचे खापर हमखास राजधानीच्या प्रदूषित हवेवर फुटते. हवेचा निर्देशांक चारशेवर गेला की एअरब्रश गुंडाळून थेट वसंताची वाट पाहणारेही आहेत. ही समजूत मोजपट्टी लावताच कोसळते, आणि तरीही ती दरवर्षी नव्या दमाने सांगितली जाते.

ज्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात ते कण व्याख्येनेच २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्यांना त्याच्या निम्म्याहून लहान ठिपका दिसणे अवघडच. शिवाय रंगाचे तीन-चार पातळ हात वाळल्यावर जो ३० ते ५० मायक्रॉनचा थर उरतो, त्यात असा कण सहज गाडला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजपट्टीनुसार निर्देशांक ४०० म्हणजे घनमीटरमागे २५० मायक्रोग्रॅम पीएम २.५. हे कण स्थिर हवेत फार तर ताशी पाऊण मीटर वेगाने खाली बसतात, त्यामुळे १:२४ प्रमाणातील, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर लांबीच्या अँबॅसिडरवर रंग ओला असलेल्या वीस मिनिटांत त्यांचे जास्तीत जास्त एक मायक्रोग्रॅम वजन पडेल. मिठाचा एक बारीक दाणाही याच्या कितीतरी पट जड असतो.

मग टपावर दिसणारा तो कण कशाचा, याचे उत्तर दहापट भिंगाखाली मिनिटभरात मिळते. लांबट, वळलेला आणि टोकाशी बारीक झालेला असेल तर तो कापसाचा किंवा लोकरीचा तंतू असतो, आणि तो बहुधा रंगवणाऱ्याच्याच स्वेटरचा किंवा ज्या फडक्याने प्रतिकृती ‘स्वच्छ’ केली त्या फडक्याचा निघतो. कोरड्या फडक्याने प्लॅस्टिक घासले की त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि तोच आसपासचे तंतू ओढून घेतो. एप्रिल ते जूनमधील कोरड्या हवेत हा भार लवकर निघूनही जात नाही. म्हणजे धूळ पुसण्याच्या खटाटोपातूनच धूळ बोलावली जाते. भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, आपोआप वाळू देऊन, रंगापूर्वी किंचित ओलसर हात फिरवणे हा याचा साधा उपाय आहे.

कण गोल आणि रंगाच्याच छटेचा असेल तर तो रंगच असतो. मे महिन्यात लू वाहत असताना पारा ४४ अंशांवर गेला की फवाऱ्यातील थेंब पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात आणि पिठासारखे बसतात. अशा वेळी सावकाश वाळणारे थिनर वापरावे आणि एअरब्रश थोडा जवळ आणावा. खुद्द आँधीच्या दिवशी मात्र खिडक्या लावून काम थांबवणेच शहाणपणाचे, कारण त्या वाऱ्यातील रेतीचे कण खरोखरच दिसण्याइतके मोठे असतात.

हवा दोषी ठरते ती मुख्यतः ओलाव्यापायी. लॅकरमधील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि तो दवबिंदूखाली, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली गेला, की पाणी थरात अडकून पांढरट झाक येते. ऑगस्टमध्ये ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे चार अंशांची घट पुरते. मेमध्ये ४० अंश आणि २० टक्क्यांना तो १३ अंशांच्या आसपास असल्याने हा दोष जवळजवळ संभवत नाही. जानेवारीच्या धुक्यात, १० अंश आणि ९० टक्क्यांना, दीड अंशाची घटही पुरेशी असते, आणि याच सकाळच्या पांढुरक्या थराला ‘धुराचा थर’ म्हटले जाते! कोरड्या दुपारी सावकाश उडणाऱ्या थिनरची हलकी फवार मारली की थर पुन्हा विरघळतो आणि झाक बहुधा निघून जाते.

जाड हात दिला की दोष झाकला जातो, हीही आवडती समजूत आहे. रंग खालच्या उंचवट्याचेच अनुकरण करतो, आणि १:२४ प्रमाणात ५० मायक्रॉनचा थर खऱ्या गाडीवरच्या १.२ मिलिमीटरएवढा होतो. तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये खऱ्या गाड्यांच्या दारांच्या फटी पाहिल्या की अशा थराने प्रतिकृतीच्या फटींचे काय होते ते कळते. कण बसलाच तर ओल्या रंगाला बोट न लावता तो पूर्ण वाळू द्यावा, २००० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलके घासावे आणि पॉलिश करावे. धातूच्या छटेच्या रंगाला मात्र घासल्यावर वरून पुन्हा हात द्यावाच लागतो.

दिल्लीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पिवळे छत मळकट हिरवट दिसले की रंग भेसळीचा ठरवला जातो, पण पिवळ्या रंगद्रव्यांची झाकण्याची ताकद बहुधा कमी असते आणि खालचा काळा वर डोकावतो. आधी पांढरा प्राइमर, मग पिवळा, आणि टेप लावल्यावर तिच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचीच हलकी फवार. ती फट बुजवते, म्हणून नंतरचा काळा आत झिरपत नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात. उन्हात ठेवल्याने रंग लवकर पक्का होत नाही, वरची साय आधी धरते आणि अडकलेल्या द्रावकाचे फुगे येतात. इनॅमलवर लॅकर ‘चालते’ म्हणणाऱ्याला सुरकुत्या मिळतात. थरात गोल खड्डे पडणे हे बहुधा बोटांच्या तेलाचे किंवा त्याच खोलीत फवारलेल्या सिलिकॉनयुक्त पॉलिशचे काम असते. मोटारींच्या रंगाचे कडक थिनर रंग काढण्यासाठी वापरले तर रंगासोबत पॉलिस्टायरीनही विरघळते.

धुळीच्या धास्तीपायी सगळ्या खिडक्या बंद करून आणि एन-९५ मुखपट्टी लावून लॅकर फवारण्याची पद्धत मात्र घातक आहे. ती मुखपट्टी कण अडवते, रंगाला ज्यांचा उपद्रव नव्हता तेही. थिनरची वाफ तिच्यातून थेट फुप्फुसात जाते. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी, सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा आणि वाफ बाहेर टाकणारा पंखा लागतो, निर्देशांक चाळीस असो वा चारशे.