रक्तक्षयाची नोंद : एका शब्दाचे मोल

रुग्ण घरी गेल्यानंतर त्याचे केसपेपर अभिलेख विभागात येतात. तेथे प्रत्येक निदानास जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील (आयसीडी-१०) संकेतांक दिला जातो. हे काम वरकरणी कारकुनी भासले, तरी त्याचे परिणाम दूरगामी असतात. रक्तस्रावामुळे होणारा रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, हे त्याचे बोलके उदाहरण होय.

अपघातात वा शस्त्रक्रियेत एकाएकी रक्त गेल्याने आलेल्या रक्तक्षयास 'डी ६२' हा संकेतांक आहे. मूळव्याध, अल्सर किंवा अतिरिक्त मासिक स्राव यांतून महिनोन्महिने रक्त जाऊन शरीरातील लोह घटले असेल, तर 'डी ५०.०'. डॉक्टरांनी केवळ 'रक्तस्रावजन्य रक्तक्षय' एवढेच लिहिल्यास वर्गीकरणाची अनुक्रमणिका तो दीर्घकालीन समजून 'डी ५०.०'कडेच नेते. 'तीव्र' हा एक शब्द गळाला, की अपघातग्रस्ताची गणना जुनाट रुग्णांत होते. नुसते 'रक्तक्षय' लिहिल्यास 'डी ६४.९', अर्थात 'अनिर्दिष्ट'. हिशेबाच्या भाषेत उचंत खातेच.

कित्येकदा निदान लिहिलेलेच नसते. 'हिमोग्लोबिन ७.८, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या' एवढीच नोंद असते. त्यावरून नोंदकाराने अनुमान काढणे योग्य नव्हे. रक्त जाताक्षणी हिमोग्लोबिनचा आकडा उतरत नाही. उलट सलाईनने रक्त पातळ झाल्यानेही तो उतरतो. आकड्याचा अर्थ लावणे हा डॉक्टरांचा अधिकार आहे.

आपल्या वऱ्हाडात ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. विदर्भात सिकलसेलचेही रुग्ण आहेत. मेळघाटातून आलेल्या भगिनीचा रक्तक्षय सरसकट शस्त्रक्रियेच्या खाती टाकला, तर मूळची लोहाची उणीव वा सिकलसेल झाकला जातो आणि ती योग्य उपचाराविना गावी परतण्याचा धोका राहतो.

यास्तव शंका येताच डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी. तीही उत्तर न सुचविणारी असावी : 'रक्तक्षयाचे कारण कोणते? तो तीव्र की दीर्घकालीन? शस्त्रक्रियेपूर्वीपासून होता काय?' उत्तर दिनांक व स्वाक्षरीसह केसपेपरवर यावे. पावतीविना खर्च मान्य होत नाही, तद्वत निदानाविना संकेतांक लिहू नये. जेथे खुलासा मिळणे अशक्य, तेथे 'अनिर्दिष्ट' हीच प्रामाणिक नोंद होय.