अधूनमधून बंद पडणारे इंजिन

चालत्या गाडीचे इंजिन अधूनमधून बंद पडणे आणि थोड्या वेळाने, कोणी काहीही न करता, पुन्हा सुरू होणे हा जुन्या मोटारींमधील सर्वांत फसवा दोष आहे. कारण गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती ठणठणीत चालत असते, मोजमाप घ्यावे असा बिघाड त्या घटकेला उरलेलाच नसतो, आणि मग अंदाजाने प्लग, कॉइल, पंप असे एकेक भाग बदलले जातात. शहापूरजवळच्या भातसानगरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. येथून नाशिककडे जायचे तर शहापूरवरून महामार्गाने कसारा घाट चढावा लागतो, जुन्नरकडे जायचे तर किन्हवली-सरळगावमार्गे माळशेज गाठावा लागतो, आणि वैशाखातील उन्हाचा तडाखा व आषाढातील संततधार हे दोन्ही याच रस्त्यांवर सोसावे लागतात. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र यात एक सोयही आहे: ऊन, पाऊस आणि चढ यांपैकी नेमक्या कशात गाडी बंद पडते हे कळले, की निम्मा शोध तेथेच लागतो.

पेट्रोल इंजिनाला योग्य प्रमाणातील हवा-पेट्रोलचे मिश्रण, सिलिंडरमधील पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी एवढेच लागते. यांपैकी दाब सहसा येत-जात नाही. तो कमी झाला तर कायमचाच कमी होतो. त्यामुळे संशय मुख्यतः दोघांवर राहतो, पेट्रोलवर आणि मेकॅनिक ज्याला ‘करंट’ म्हणतात त्या विद्युत्प्रवाहावर. इंजिन कसे बंद पडले, यावरून या दोहोंत बराच फरक करता येतो. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी झटके मारते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही आणि मग थांबते, कारण कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या साठवण-कप्प्यात, उरलेले पेट्रोल संपायला काही क्षण लागतात. करंट तुटला तर दिव्याचे बटण बंद करावे तसे इंजिन एका क्षणात निर्जीव होते. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल, आणि गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतानाही तो काटा एकदम शून्यावर आला, तर दोष इग्निशनच्या परिपथात किंवा त्याला संकेत देणाऱ्या सेन्सरमध्ये असण्याचीच शक्यता फार मोठी असते.

उन्हाळ्यातील घाटाचे उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० या दोन्ही कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधील हलके घटक तर एरवीही ३५-४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतात. चढावर गाडी हळू चालते, रेडिएटरमधून वारा कमी जातो, पंप तापतो, नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपाला वाफ काही ढकलता येत नाही. गॅरेजच्या बोलीत याला ‘एअर लॉक’ म्हणतात, परंतु अडकलेली ती हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते. चालक पंपावर ओले फडके टाकतात तो उपाय शास्त्राला धरून आहे, कारण फडक्यातील पाणी बाष्प होताना पंपातील उष्णता घेऊन जाते. निदानासाठी यातील वेळ महत्त्वाची असते: फडक्याने दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली तर दोष पंपाच्या बाजूला आहे असे मानता येते, पण अर्ध्या तासाने सुरू झाली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तेवढ्या वेळात तापलेली इग्निशन कॉइलही निवते.

२००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत आली, विजेचा पंप टाकीत बुडवला गेला आणि तो पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने ढकलू लागल्यामुळे वाफेचा त्रास जवळजवळ संपला. उष्णतेचा त्रास मात्र संपला नाही. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर अनेक गाड्यांत चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेचा असतो. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २५ वरून १०० अंशांपर्यंत तापताना साधारण ३० टक्के वाढ ही निर्दोष सेन्सरमध्येही दिसणारच. परंतु तारेला आत तडा गेला असेल तर प्रसरणामुळे टोके दुरावतात, परिपथ तुटतो, इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला ते फिरत असल्याचे कळतच नाही आणि तो इंजेक्टर व ठिणगी दोन्ही थांबवतो. थंड सेन्सरवर मल्टिमीटर लावून ‘चांगला आहे’ असे प्रमाणपत्र देणे म्हणूनच निरर्थक आहे. तो हेअर ड्रायरने तापवून मोजला पाहिजे.

पावसात या दोषाचे रूप बदलते. कॉइल १२ व्होल्टचे १५ ते २५ हजार व्होल्ट करते, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला सूक्ष्म चीर असेल किंवा प्लगच्या तारांचे आवरण कडक होऊन फुटले असेल, तर ओलाव्याच्या वाटेने हा विद्युतदाब प्लगपर्यंत न जाता इंजिनाच्या धातूत उतरतो. रात्री बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात दूर राखत तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर गळणाऱ्या जागी निळसर ठिणग्या अंधारात स्पष्ट दिसतात. हीच गाडी कोरडी झाली की दोष नाहीसा होतो.

फक्त गतिरोधकापाशी ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडणाऱ्या गाडीत थ्रॉटलवर साचलेला काजळीचा थर किंवा आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह तपासावा. बराच वेळ चालून बंद पडणाऱ्या गाडीत टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा जोराने आत गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे, एवढेच. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांपर्यंत आले आहे आणि इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या टाकीतील साचलेला मळही सोडवते, त्यामुळे जुन्या गाडीत फिल्टर वरचेवर बदलणे आवश्यक झाले आहे.

या सर्वांत खरा पुरावा गाडी बंद पडलेल्या त्या काही मिनिटांतच मिळतो. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून चावी फिरवावी आणि टाकीतील पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू येते का, हे पाहावे. हवा किती तापली होती, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होते, गाडी किती मिनिटांनी सुरू झाली, हे कागदावर लिहून मेकॅनिकला द्यावे. मोजमाप न करता भाग बदलू पाहणाऱ्याला मालकाने थांबवले पाहिजे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी एक-दोनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते आणि पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत ते जड होते. म्हणून दोष सापडेपर्यंत अशी गाडी कसारा किंवा माळशेज घाटात नेऊ नये.