मोळीखालचा मणका

बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर वर्षातून दोनदा माणसांचे लोंढे येतात. एक तुकोबांच्या पालखीबरोबरचा: उंडवडी, बारामती, काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटी आणि नीरेपलीकडे अकलूज. दुसरा दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून येतो, ट्रॉलीत संसार, पोरे आणि शेळ्या घालून. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या वाट्याला टोळ्या जातात आणि कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या उभ्या राहतात. वारीवर मराठीत पुस्तके आहेत, दुसऱ्या लोंढ्यावर समित्यांचे अहवाल. दोन्ही लोंढे ज्याच्या जिवावर चालतात ते पाय, गुडघे आणि कंबर मात्र अभ्यासाच्या वाटणीत विखुरले गेले. हाड अस्थिरोगतज्ज्ञाकडे, भार अभियंत्याकडे आणि माणूस राहिला मानव्यविद्येच्या पदरात. ही वाटणी ज्यांनी मानली नाही, त्यांच्या कामाचा हा आढावा.

सुरुवात लांबून, झुरिकपासून करावी लागते. १८६६च्या सुमारास तिथले शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर मांडीच्या हाडाचा उभा छेद घेऊन त्यातल्या जाळीदार रेषा दाखवत होते. पूल आणि याऱ्यांची गणिते मांडणारे अभियंते कार्ल कुलमान यांनी ती आकृती पाहिली आणि त्यांना आपल्याच कागदावरच्या ताण-दाबाच्या रेषा ओळखू आल्या. वाकड्या मानेच्या यारीवर भार टाकला की बळ ज्या वाटांनी वाहते, जवळपास त्याच वाटांवर हाडाने आपली जाळी विणली होती. पुढे १८९२मध्ये बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी त्याचा नियम केला: हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवते. कुलमान-मायर यांचे साम्य वाटले होते तितके तंतोतंत नाही, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. तरी हाड आयुष्यभर भाराला उत्तर देत राहते, ही कल्पना टिकली.

आता मग उसाच्या फडात येऊ. ऊस बुडख्यातून, जमिनीलगत तोडावा लागतो. खालच्या कांड्यांत साखर जास्त, आणि वर खुंट ठेवला तर त्यातून येणारे पुढचे पीक, खोडवाही, नीट फुटत नाही. म्हणजे तोडणाऱ्याने किती वाकायचे हे त्याची कंबर ठरवत नाही, साखरेचा उतारा ठरवतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्याने तोडायचे, तिने वाढे वेगळे करून मोळी बांधायची, आणि मग दोघांनी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१च्या सूत्रात, सगळे काही अनुकूल असताना उचलण्याच्या भाराची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे ओझे अंगाजवळ, फार खाली वाकणे नाही, कंबरेला पीळ नाही, पकड चांगली. यातली एकही अट फडात पुरी होत नाही.

याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या या वसाहतीत साखर कारखान्यांची यंत्रे घडली आणि पुढे इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची कवचेही. उसाच्या चरकावर किती दाब येईल याचे गणित या मातीत तीन पिढ्या मांडले जात आहे. चरकापर्यंत ऊस पोचवणाऱ्या मणक्याचे गणित मांडायला विद्या कमी पडलेली नाही, कुणाला ते आपले काम वाटले नाही इतकेच.

भार मोजणे तरी सोपे. माणूस बसतो कसा, हे विचारायला अभियंत्याला जास्त वेळ लागला. पाश्चात्त्य बनावटीचे कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी असे, आणि लाकडी गाभ्यामुळे घोट्यात हलत नसे. १९६८च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे पाऊल घडवले. ते घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, ओल्या शेतात उतरता येते. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण मांडी घालून जेवायला बसणाऱ्या माणसाला काय लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. पुण्यात सैनिकांसाठीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. पण शेतकऱ्याच्या पायाचा प्रश्न सैनिकाच्या बुटातून सुटणारा नव्हता.

गुडघ्याची गोष्ट तशीच. नेहमीच्या कृत्रिम सांध्याने गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, मोटार आणि कमोडच्या आयुष्याला तेवढे पुरते. उकिडवे बसायला १३०हून जास्त लागतात. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा केला तो हीच गरज समोर ठेवून. पण उकिडवे बसण्याचे गुणगान करणाऱ्यांनी बीजिंगचा अभ्यासही वाचावा. तिथल्या वृद्धांत खुब्याची झीज अमेरिकी गोऱ्यांच्या मानाने फारच कमी आढळली, बायकांत गुडघ्याची मात्र जास्त. आणि तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसलेल्यांना गुडघ्याच्या झिजेने अधिक गाठले. आपल्या आज्यांच्या बैठकीचे कौतुक करताना त्यांच्या गुडघ्यांनाही एकदा विचारलेले बरे.

हाड पाहून बसण्याची रीत ओळखता येते, हे मानववंशशास्त्रज्ञांना फार आधी कळले होते. १८९३मध्ये हॅवलॉक चार्ल्स यांनी लाहोरात पंजाबी माणसांची हाडे तपासून, सतत उकिडवे बसल्याने घोट्याच्या सांध्यावर उमटणाऱ्या पैलूंचे वर्णन केले. हीच नजर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजली, आणि ती रुजवणाऱ्यांत इरावती कर्वे होत्या. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना महाभारताच्या अभ्यासक म्हणून ओळखतो. त्यांनी डॉक्टरेट मात्र बर्लिनला कवट्या मोजून मिळवली होती. मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येईल अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंच्या मोजमापाने ती पुरी केली नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. पुढे १९४४मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला प्राचीन सांगाडे उकरले. हीच बाई दिंडीतून पंढरपूरला चालत गेली आणि तिने ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. जेवणाच्या पंगतीत जात कशी पाळली जाते आणि चालताना ती कुठे सैल होते, हे टिपले. हाडे मोजणारा आणि चालणाऱ्यांत मिसळणारा माणूस एकच, असे उदाहरण मराठीत मला दुसरे सापडत नाही. त्यांची वाट माउलींच्या पालखीची होती, दि. बा. मोकाशी ‘पालखी’ या पुस्तकासाठी चालले तीही तीच. बारामती-इंदापूरकडून जाणाऱ्या तुकोबांच्या वाटेला त्या तोडीचे पुस्तक अजून लाभायचे आहे.

डेक्कन कॉलेजचेच दुसरे मोठे काम इनामगावचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी उत्खनन केले. गाव ताम्रपाषाणयुगीन, साधारण इ. स. पू. १६०० ते ७००. प्रौढ मृतांना घराच्या जमिनीखाली, डोके उत्तरेकडे करून पुरलेले आणि बहुतेकांची पावले घोट्याखाली तोडलेली. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा उत्खनकांचा तर्क आहे. सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला, आणि दातांच्या किडीवरून, हाडांच्या घडणीवरून त्या माणसांचे खाणे-जगणे वाचले. ही घोड पुढे भीमेला मिळते, आणि भीमेचे पाणी इंदापूरच्या शिवेवर उजनीत साठते. तीन हजार वर्षांपूर्वी कोण काय खाऊन जगले हे आपण याच खोऱ्यात सांगू शकतो. पन्नाशीच्या आत कंबर धरून बसलेल्या ऊसतोड बाईचे हाड वाचायला तिच्या मरणाची वाट पाहायची गरज नाही.

तिच्या बाळाच्या पावलाचाही असाच प्रश्न आहे. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी १९८८च्या सुमारास हाडांना बाहेरून धरणारी हलकी चौकट तयार केली. ‘जेस’ नावाने ती जगभर गेली आणि जन्मतः वाकड्या पावलांवर खूप वापरली गेली. अभियांत्रिकी म्हणून ती देखणी. तरी बहुतेक बाळांसाठी आज पहिली पसंती आयोवाच्या डॉ. पोन्सेती यांच्या प्लास्टरला आहे: दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी पाच-सहा, बहुधा टाचेच्या शिरेवर छोटासा छेद, मग दांडीने जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळपास दिवसभर, पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत. पाऊल पुन्हा वळते ते मुख्यतः बूट सुटल्याने. ज्या आईला मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला सहा महिने कोपीत काढायचे आहेत, पहाटे फडात जाताना पोर मोठ्या बहिणीकडे टाकायचे आहे, तिच्या बाळाच्या पायात बूट कोण घालणार? या प्रश्नाचे उत्तर ना हाडात आहे, ना चौकटीत.

बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. चर्चा झाली ती खाजगी दवाखान्यांची आणि पाळीमुळे बुडणाऱ्या मजुरीची. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली असतील तर हाडे लवकर विरळ होतात, आणि त्याच हाडांवर पुढच्या हंगामात मोळी चढते, हे त्या चर्चेत मागे राहिले.

हे सगळे तपासायला बारामतीत साधनांची ददात नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२चे, विद्या प्रतिष्ठान १९७२चे आणि त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे. शारदानगरच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. मातीचा ओलावा, हवामान, उपग्रहाची चित्रे जुळवून कधी किती पाणी द्यायचे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. काम मोलाचे आहे. पण त्या पडद्यावर ऊस आहे, तोडणारा नाही. तोडणी यंत्रे येत आहेत खरी. त्यांना रुंद सरी आणि मोठे सलग रान लागते, आणि लोळलेला ऊस व छोटे तुकडे पुन्हा कोयत्याच्याच वाट्याला येतात. म्हणजे उरलेले काम अधिक अडचणीचे.

आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने डॉक्टर आणि अभियंते एका टेबलावर बसवले, पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात आले. अभियंत्याने आधी दवाखान्यात जाऊन पाहायचे, मग आरेखन करायचे, ही तिथली शिस्त. बारामतीत दवाखान्याच्या जोडीला फड घेता येईल: हंगामाच्या आरंभी आणि शेवटी त्याच टोळीच्या कंबरा-गुडघे तपासायचे, मोळीचे वजन आणि फळीचा चढ मोजायचा, आणि मराठी-समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोपीत बसून विचारायचे की दुखणे कधी सुरू झाले, कुणाला सांगितले, सुट्टी घेतली तर मुकादमाने किती कापले. गाळप साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते, म्हणजे विद्यापीठाच्या दोन सत्रांत बसते.